बाजूने बघणारं माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांतली पाच अंगं दुखताहेत, त्यामुळे उरलेल्या तीन अंगांनीच केला आहे. गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई अजून तुला शिलाई मशीनला हात लावू देत नाहीत का?

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी जुनी सायकल घेतली, हे तुला फोनवर सांगितलंच. तिचं हँडल इतकं लांब, की ते धरायला वाकलो की माझं काहीतरी रस्त्यात हरवलंय असं लोकांना वाटे. (एकाने थांबून विचारलंसुद्धा. मी त्याला बराच वेळ सोडलं नाही. फार बरा माणूस होता.) सायकलवाला म्हणाला, हँडल धरून ठेवणारा जो तुकडा पुढे येतो, तो स्टेम, तो आखूड घाला, जुन्याचं माप आणा. माप म्हटल्यावर माझी छाती फुगली. जन्म काचा कापण्यात गेला. काच म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत. तसंच मोजलं, त्यातून दोन बोटं कमी केली आणि ऐटीत नवा स्टेम आणून बसवला. कंबर इतकी हलकी वाटली की शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, दिसेल त्याला सांगत सुटलो. मग सहज जुना स्टेम नव्याला लावून पाहिला, तर दोन्ही तंतोतंत सारखे! स्टेम कडेपासून मोजतच नाहीत म्हणे. उभ्या नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत मोजतात. माझी दोन बोटं त्या कडांमध्येच खपली होती.

सायकलवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, नुसत्या मापाने भागत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सायकलवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा, कोपर किती वाकतंय ते." मी लगेच "हो, सांगतो की" म्हणालो. कुणाला, ते त्याने विचारलं नाही.

घरी येऊन सायकल कपाटाला टेकवली, बाजूला मोठा आरसा उभा केला आणि चढून बसलो. पण आरशात बघायला मान वळवली की कोपर हलतं, आणि कोपर जागेवर ठेवलं की आरसा दिसत नाही. या झटापटीत सायकलसकट आडवा झालो. (आरसा शाबूत आहे. काचवाल्याची अब्रू राहिली.) तसाच पडून राहिलो. तुझी भावजय असती तर आधी ओरडली असती, मग पदर तोंडाला लावून हसली असती. आता कुणीच ओरडेना, म्हणून उठायची घाईही वाटेना. ताई, ती गेल्यापासून फार एकटं वाटतं गं.

असो. घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार, म्हणजे तुलाच. बाकी सगळे लहानच.

तुझा धाकटा

ता. क. तू जन्मभर लोकांच्या बाह्या बेतल्यास. कोपर कुठे वाकतं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? चार दिवस येऊन बाजूने बघशील का?

पुन्हा ता. क. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? परवा सायकलवाल्यानेच मला दुकानाच्या दारात सायकलवर बसवलं, बाजूने बघितलं आणि आखूड स्टेम लावून दिला. अगदी चोख बसला. आज सकाळी मी तो खोलून ठेवला आहे. ये.