इन्सुलिनला मासळीचा वास

६ ऑक्टोबर
हिराबाईंची शुगर परत चढलेली. पायाची जखम ओलीच. "सुई येक दिस चुकवली न्हाय गो, च्या बी बिनसाखरंचा पितंय." मला आधी खोटंच वाटलं. हॉस्पिटलातून येताना कोळीवाड्यात त्यांच्या घरी डोकावले. बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात, मी सांगितलं होतं तशीच. हलवून उजेडात धरली. आतलं इन्सुलिन दुधासारखं एकसारखं व्हायला हवं. काचेला पांढरे कण चिकटलेले.
हॉस्पिटलच्या औषधखिडकीवरून ही बाटली माझ्याच हातून गेली.

७ ऑक्टो.
हॉस्पिटलच्या फ्रिजमधलं सगळं इन्सुलिन काढून बघितलं. आधीचा माल चांगला. शेवटी आलेल्या पेटीतल्या बऱ्याच बाटल्यांत कण. म्हणजे फ्रिजचा दोष नाही. मग वाटेत? की अलिबागलाच, होलसेलवाल्याकडे?
डॉ.बाईंना दाखवलं. "बाजूला ठेव. बाहेर बोलू नकोस." का नको? होलसेलवाले पाटकर त्यांच्या दिरांचे दोस्त. मनात आलं ते आता जात नाही.

९ ऑक्टो.
आमचे ड्रायव्हर सलीमभाई अलिबागहून माल घेऊन आले. पेटी उघडली तर भपकन मासळीचा वास.
"गाडीत मासळी कोणाची?"
"कोनाची न्हाय ताई." पण नजर खाली.
घरी ह्यांचं म्हणणं, सलीमभाई जाता-येता मासळीचं भाडं मारत असेल. म्हणजे औषधं बाहेर काढून पेटीत सुरमई? कुवेतला इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस, वाटलं नव्हतं.

१० ऑक्टो.
पाटकरांना फोन. "आमच्याकडून माल थंडगार निघतो. तुमच्या ड्रायव्हरला विचारा." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. यांना आधीच कोणी सांगितलं? घराबाहेर मी तर फक्त डॉ.बाईंशी बोलले...

१३ ऑक्टो.
अलिबागला बहिणीकडे काम आहे सांगून सलीमभाईंच्या गाडीत बसले. बहिणीकडे गेलेच नाही.
पाटकरांच्या गोडाउनबाहेर आमची पेटी उन्हात. आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पार पाणी, तेही कोमट. हमाल म्हणाला, सकाळपासून लाईट नाही. सलीमभाईंनी पेटी उचलली. बंदरावर गाडी थांबवून मासळीवाल्याकडून बर्फाचा चुरा घेतला, सरळ बाटल्यांवर ओतला, वर मीठ मारलं.
"हे काय करताय?"
"मासलीला आसाच लावतात ताई. मिठानं गारवा टिकतो. हल्ली ते गरमच देतात. तक्रार केली तर मलाच काढतील. पेशंटची दवा हाय, म्हनून..."
मीच सांगितलं त्यांना, मिठाच्या बर्फात इन्सुलिन गोठतं, आणि गोठलं की संपलं. रेवदंड्याला हॉस्पिटलसमोर त्यांनी गाडी लावली. मी उतरताना विचारलं, "कोनाला काय झालं का?"
हिराबाईंचा पाय सांगायची हिंमत झाली नाही.

१४ ऑक्टो.
डॉ.बाईंना सगळं सांगितलं. बर्फ तेवढा ऐकला. गोडाउन, ऊन, लाईट, काही नाही. "म्हणजे सलीमच. बरं झालं कळलं." संध्याकाळी सलीमभाईंना निरोप, उद्यापासून येऊ नका. पाटकरांची ऑर्डर चालू. मी दोनदा बोलले. "पुरावा आहे का तुझ्याकडे?"

१६ ऑक्टो.
नवा ड्रायव्हर. पेटीला वास नाही. पिशव्यांचं पाणी. बाटल्या हलवून बघितल्या, एकही कण नाही, दुधासारखं एकसारखं.
तेच वाईट. गोठलेलं निदान दिसत होतं. उन्हाने वाया गेलेलं डोळ्यांना दिसेलच असं नाही. डॉ.बाई म्हणाल्या, "बघ, झालं ना नीट?"
हिराबाई बाकावर बसून होत्या. आधीचा चांगला माल संपला. नव्यातलं द्यायला हात होईना. उद्या या म्हटलं. "उद्या नक्की ना गो?" लंगडत गेल्या.
सुटल्यावर रिक्षाने थेट अलिबाग. बाजारातल्या मेडिकलवाल्याकडून एक बाटली घेतली. थंड लागली हाताला, बरं वाटलं. सहज विचारलं, माल कुठून घेता?
"पाटकरांकडून. इकडे दुसरं आहे कोण?"
बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आहे. हिराबाई सकाळीच येतील.