पोंपोनचे सहा ट्रे

३ नोव्हेंबर
परत तेच. फोनवर बाबांचं एकच तुणतुणं: दलदलीतलं पाणी धरून ठेवणारं शेवाळ मुळासकट उपसायला मी लावलं, म्हणून विहिरीचं पाणी उतरतंय. दलदल कुठे, विहीर कुठे, मधे तीनशे पावलं. बाबांच्या पद्धतीनं शेवाळ हातानं उपटायचं, मनगटाच्या खाली जायचं नाही, दर दोन हातांवर एक पट्टा जिवंत ठेवायचा. चाळीस वर्षं असं करून मिळवलं काय? एक बैलजोडी. मी ठेकेदाराची माणसं लोखंडी काटे देऊन उतरवली. अकरा दिवसांत सगळा माल ट्रकमध्ये. माझं सांतियागोचं भाडं त्यातूनच निघालं.
संकल्प: खोलीत जिवंत पोंपोन, म्हणजे तेच शेवाळ, वाढवणे. सहा ट्रे. मार्चमध्ये घरी नेऊन दलदलीत परत लावणे. मग बघू कोण बोलतं.

९ नोव्हेंबर, सकाळ
ऑर्किडच्या दुकानात जिवंत माल मिळाला. पिशवीवर लिहिलंय स्फॅग्नम. आमचाच पोंपोन, शहरात येऊन नाव बदललेला. दुकानवाली म्हणाली, नळाचं पाणी देऊ नका, पावसाचंच द्या. मी म्हटलं, बाई, मी चिलोए बेटावरचा, चालायला शिकलो तो यावरच. ती म्हणाली, यावर चालला असाल, वाढवलाय कधी?
आमच्याकडे वाढवतं कोण? तो असतोच.
इथे एप्रिलपर्यंत पाऊस नाही. नळ आहे.

१७ नोव्हेंबर
हिरवागार. घरमालकीण मिर्ताबाई म्हणतात, खोलीला ओल्या कुत्र्याचा वास येतो. याचा अर्थ जीव धरला.

२ डिसेंबर
धाकट्या यास्नाचा फोन. दादा, बादलीच्या दोराला अजून तीन हात जोडले. मी म्हटलं, डिसेंबर म्हणजे आपला उन्हाळाच. म्हणाली, उन्हाळा मागच्या वर्षी नव्हता का? तोंडाळ झाली आहे.
दोन ट्रेंमधले शेंडे पांढरे. विश्रांती घेत असावा. पाणी दिवसातून तीनदा.

१४ डिसेंबर
कामावर उशीर, पाणी घालण्यात. मालक म्हणाले, पंक्चर काढायला ठेवलाय तुला, माळी म्हणून नाही. मार्चनंतर त्यांना कळेल.

२६ डिसेंबर
नाताळचा फोन केला. बाबा फोनवर आले नाहीत. ओरडले नाहीत म्हणजे निवळले. यास्ना म्हणाली, सकाळपासून विहिरीच्या काठावर आहेत, खडे टाकतात आणि ऐकत बसतात.
म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच.

११ जानेवारी
पाच ट्रे पांढरे. वर मिठासारखा थर. खताचं काम करेल. सहावा हिरवा आहे, जरा चिकट लागतो.
यास्ना सांगते, गावी शेजारच्या ओमेरो बार्रियाची विहीर पण खाली गेली. तो बाबांच्या दारात आला होता. भांडला नाही, आत बस म्हटलं तर बसलाही नाही. तुमचा मुलगा कधी येतोय, एवढंच विचारलं. बाबांनी सांगितलं, तो येणार नाही.
असं का सांगितलं? मी मार्चमध्ये येतोय.

४ फेब्रुवारी
ट्रे घेऊन दुकानात गेलो. बाईंनी चिमूट घेऊन चोळली, पीठ झालं. म्हणाल्या, हा डिसेंबरातच गेला. आणि सहावा? ते नळाखाली वाढतं तसलं कसलंतरी, पोंपोन नव्हे.
मग विचारलं, घरी किती खोल होता तुमच्याकडे? मी म्हटलं, कमरेपर्यंत पाय जायचा. म्हणाल्या, तेवढा साचायला तुमच्या पणजोबांच्या पणजोबांपासून धरा.
मी ऑर्किडची किंमत विचारून निघालो.

१९ फेब्रुवारी
यास्नाचा फोन. बादलीत नुसता चिखल. म्युनिसिपालिटीचा टँकर दहा दिवसांनी येतो, रस्त्यावरच थांबतो, बार्रिया आपल्या आधी रांगेत उभा राहतो आणि आपल्याकडे बघत नाही. एक बैल विकला, दुसरा एकटा जू घेत नाही.
मी म्हटलं, मार्चमध्ये.
ती म्हणाली, थांब, बाबा बोलतायत.
नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. वाटलं आता शिव्या. बाबा म्हणाले, दोन हजार लिटरची टाकी तिकडे कितीला पडते, विचारून ठेव.
मी म्हटलं, बाबा, एक पावसाळा जाऊ दे, भरेल विहीर. ते म्हणाले, दोन हजार लिटरची.
मग मी म्हटलं, विचारतो.
टाकी दोन लाख दहा हजार पेसो. पाठवतोय एक लाख चाळीस, आहेत तेवढे.