बाभळीचा टेकू आणि दगडी धक्का

मी, झुंबरबाई भ्रतार कैलासवासी रामराव सरोदे, वय सदुसष्टच्या आसपास (नक्की साल माहीत असलेले सगळे गेले), धंदा शेती व घरावर नजर ठेवणे, राहणार मंठा, तालुका परतूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला ताप नाही, खोकला नाही. दात नाहीत, पण डोकं बराबर आहे. कोणी धमकावून लिहून घेतलेलं नाही. तेवढी छाती या घरात कोणाची नाही. अक्षर वाकडं आहे, कारण ते मला लग्नानंतर मालकांनी चुलीच्या राखेत बोटाने शिकवलं. नरहर मास्तर म्हणाले, शुद्ध करून देतो. मी नको म्हटलं. शुद्ध केल्यावर माझं लिहिणं मलाच ओळखू यायचं नाही.

धडधाकट असताना मृत्युपत्र कशाला, हे शेवटी लिहिलं आहे. आधी वाटण्या.

कलम एक. नाल्याकाठचं पाच एकर शेत, विहिरीसकट, धाकटा मुलगा पुंजाराम याला. त्याला जमीन कळते. बाकी काही कळत नाही, पण जमीन कळते.

कलम दोन. राहतं घर दोघा मुलांना निम्मं निम्मं. मात्र मागचं अंगण सगळं थोरला कारभारी याचं. त्यातली चौदा हात जागा हिशेबाने पुंजारामकडे जाते, ती मी काढून घेतली आहे. ती का काढली यावरून पोळ्यापासून घरात भांडण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कारभारी मोटारी दुरुस्त करतो. पोलीस ॲक्शननंतर मिलिटरीच्या लिलावात एक मोडकी जीप निघाली, ती त्याने आणली, खोलली, जोडली आणि चालवून दाखवली. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या जीप, लॉऱ्या आमच्या अंगणातल्या पत्र्याखाली येतात. चाक काढायचं, खालून नट आवळायचा, तर मोटार उचलावी लागते. जॅक एकच, तोही अर्ध्यात बसणारा. कारभारी दुसरा जॅक घेतो म्हणाला. मी म्हटलं, "पैसा वर आलाय का? तुझ्या बापाचा टेकू हाये की."

हा टेकू बाभळीचा. मालकांनी स्वतः तासलेला. चाळीस वर्षं आमच्या बैलगाडीच्या चाकाला वंगण घालताना त्याच्यावरच गाडी उचलून धरली, कधी हलला नाही. कारभारी म्हणायचा, "आबाचा हात लागलेला हाये, दगा देणार न्हाई."

पण बैलगाडी उचलली तर तिचं जू भुईला टेकलेलं असतं, ती जागची सरकत नाही. मोटारीला जू नसतं. एवढी साधी गोष्ट आम्हा गाडीवाल्यांच्या घरात कोणाच्या ध्यानात आली नाही. तीन वर्षांमागे चैत्रात जीप टेकूवरून पुढे सरकली आणि कारभारीच्या मांडीवर आली. सून तुळजाबाईने पहार घातली, मी पहारीवर बसले, तेव्हा तो निघाला. पाय वाचला पण वाकत नाही. टेकू मी दिला होता. हे कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच लिहिते.

पाय बरा झाल्यावर पुन्हा तो त्याच टेकूखाली शिरला. मी ओरडले तर म्हणतो, "मंग काय करू आई, मोटार खांद्यावर घेऊ?"

तेव्हा मोटार उचलायची तर कशाने, याचा तपास मी केला. पुंजाराम म्हणाला, "हैदराबादला गेल्तो तवा बघितलंय म्या. खांब अस्तो, बटन दाबलं की मोटार आपोआप वर. घ्यायचं तर तसलं घ्या."

मी म्हटलं, "आन बटनाला करंट कुठून आणतो? आळीत दिव्याचा खांब न्हाई."

"येईल की दोन-चार वर्सांत."

"तवर तुझ्या भावानं काय करावं, टेकूखाली पडून वाट बघावी?"

किंमत विचारली तेव्हा त्या यंत्रात माझं नाल्याकाठचं शेत गेलं असतं. शेताचं नाव काढल्यावर पुंजारामने हैदराबादचं नाव काढलं नाही.

दुसरा विचार खड्ड्याचा. मोटार वर, माणूस खड्ड्यात. स्वस्त आहे. पण आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढी भेग पडते, पावसात फुगते. आमच्या कडब्याच्या खड्ड्याच्या भिंती दोनदा आत आल्या. कडबा दबला तर बैल उपाशी राहतो. माणूस दबला तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

तिसरा विचार साखळीच्या कप्पीचा. कप्पी चांगली चीज आहे, इंजिन बाहेर काढायला कारभारीने जरूर घ्यावी. पण ती टांगायची कशाला? आमच्या तुळईत भुंगा आहे. शिवाय टांगलेल्या वस्तूखाली माझं लेकरू झोपणार नाही. पाळण्यात झोपवलं तेवढं बस.

मग परतूरच्या स्टेशनवर सरकीची पोती उतरवताना मालधक्का पाहिला. बैल न उचलता, गाडी न उचलता, उतारावरून चढून डब्याच्या उंचीला येतात. मला वाटलं, मोटारीला पाय आहेत, ती स्वतःच का चढू नये? दगडी दोन भिंती घालायच्या, एकेका बाजूच्या चाकांखाली एक, मधे माणूस उभा राहील एवढी फट, पुढे अडसराचा दगड. कारभारीचा पाय वाकत नाही, त्याला उभ्यानेच काम करता येईल. जीपच्या आणि लॉरीच्या चाकांमधलं अंतर मी सुतळीने मोजलं आणि दोन गाठी मारल्या. त्यावरून भिंतींची रुंदी ठरली. ती सुतळी माझ्या पेटीत आहे. टाकू नये.

उस्मान गवंडी म्हणाला, "आजी, पत्थर नाल्यातला, चुना मंठ्यातला, तीनशेच्या आत बिलकुल होऊन जाईल. पण उतार लांब पाहिजे. आखूड केला तर मोटार चढणार न्हाई, बोंबलंल."

लांब उताराला चौदा हात जागा जास्त लागली. ती पुंजारामची. तो म्हणाला, "तू गेल्यावर म्या ते दगड काढून विहिरीला लावीन." हसत म्हणाला, पण पुंजाराम खरं तेवढं हसतच बोलतो. म्हणून कलम तीन.

कलम तीन. त्या धक्क्याचा एक दगड पुंजारामने वा त्याच्या वारसांनी हलवला, तर नाल्याकाठची विहीर आणि तिच्या भोवतालचं दोन एकर कारभारीचं होईल. पुंजा, विहिरीला दगड लागले तर भावाकडे माग. तो देईल. तो माझ्यावर गेलेला नाही.

कलम चार. लोखंडी पहार आणि माझी पेटी तुळजाबाईला. पाटल्या पेटीत शोधू नयेत. श्रावणात मी पहिलं मृत्युपत्र लिहिलं, त्यात होतं की माझ्यामागे पाटल्या मोडून धक्का बांधावा. लिहून झाल्यावर वाचलं. मी अजून दहा वर्षं जगले तर दहा वर्षं हा टेकूखाली. कागद चुलीत घातला आणि पाटल्या सोनाराकडे नेल्या.

कलम पाच. नणंद गोजरबाई हिने पुंजारामच्या बारशाला माझी पितळी परात नेली, ती अजून आणते आहे. ती आता तिचीच. माझ्या तेराव्याला मात्र कणीक त्याच परातीत मळावी, म्हणजे मला एकदा तरी तिचा उपयोग होईल.

कलम सहा. बाभळीचा टेकू सध्या माझ्या बाजेखाली आहे. तो कोणाला दिलेला नाही. माझ्या सरणावर, पायाशी घालावा. मालकांची वस्तू मालकांकडे जाईल आणि या घरात मोटारीखाली परत लागणार नाही.

आता आजच का लिहिलं ते. धक्का बांधून झाला, चुना महिनाभर मुरला. परवा गुरुवारी त्याच्यावर पहिल्यांदा लॉरी चढणार. कारभारी म्हणतो, खाली आधी मी जातो. उस्मान म्हणतो, बांधला मी, मीच जाणार. दोघांनाही लेकरंबाळं आहेत. टेकू मी दिला होता, धक्काही मीच ठरवला. लॉरी वर थांबली की खाली पहिल्यांदा मी उभी राहीन आणि तिथेच उभ्याने एक अख्खं पान खाईन. पान संपेपर्यंत कोणी आत यायचं नाही.

मी तोंड पुसत बाहेर आले तर हा कागद पेटीत जाईल आणि कारभारी कामाला लागेल. न आले तर कलम एकपासून वाचायला घ्या. माझा भरवसा पेटीवर आहे.

सही: झुंबरबाई

माझ्यासमोर सही झाली. बाईंना समजावून पाहिलं, ऐकलं नाही: नरहर, मास्तर, मंठा
धक्का मजबूत आहे, तरी बाई उभ्या राहतील तितका वेळ मी बाजूला उभा राहीन: उस्मान गवंडी, अंगठा डावा

मुक्काम मंठा, मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर १९५७