माझीच छाती मोजली

११ फेब्रुवारी, मंगळवार

श्रावणचा छातीचा एक्स-रे आज मीच काढला. "मोठा श्वास घ्या, धरा" — नवऱ्याला अहोजाहो करताना हसू येत होतं. महिनाभर खोकतोय. जिनिंगमधलं काम, कापसाची धूळ, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

पडद्यावर फोटो आला अन् हसू गेलं. उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, धुरकट डाग. फुप्फुस तिथं काळं दिसायला हवं.

एक्स-रे वाचणारे डॉक्टर, धर्मपाल सर, अमरावतीहून अकोल्याला शुक्रवारीच येतात. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून ते कधीच काही सांगत नाहीत.

१२ फेब्रुवारी

राहवेना. मोजलं. कॉम्प्युटरवर डागाभोवती गोल काढला की आतल्या करड्या रंगाचा सरासरी आकडा येतो — शून्य म्हणजे काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरंफट. उजवीकडे १४२. डावीकडे त्याच जागी ९६. गोल लहान केला, मोठा केला. आकडा हलेना.

श्रावणला म्हटलं, फोटो नीट आला नाही. "मंग पुन्हा काढू. तू कावून इतकी घाबरून राहिली?"

मला टीबीची भीती वाटते. शब्द लिहायचीही वाटते.

१३ फेब्रुवारी

एक सुचलं. दोष यंत्राचाच असला तर? एक्स-रेची प्लेट जुनी झाली आहे. धडधाकट माणसाचा फोटो त्याच प्लेटवर काढायचा अन् मोजायचा. मीच उभी राहिले. कहकशाँने — माझ्या हाताखालची टेक्निशियन — बटण दाबलं. म्हणाली, "दीदी, पोलीसभरतीवाल्या पोरायच्या फिल्मा हायेत ना, त्या बी मोजू?" म्हटलं, कशाला? मला काय धाड भरली आहे!

माझं उजवं १३९, डावं ९८.

सुटले! यंत्रच उजवीकडे पांढरट दाखवतंय. घरी जाताना जिलबी घेतली. आम्ही दोघं अन् आमची लेक यशू, एकाच ताटात जेवलो. श्रावण म्हणाला, "आता तरी हासशील का?" खूप हसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना प्लेटची तक्रार सांगितली. त्यांनी भरतीच्या पोरांचे फोटो उघडले. एकेकाचं डावं-उजवं मोजलं. जवळपास सारखंच. यंत्र ठीक आहे.

मग आमचे दोघांचे शेजारी-शेजारी लावले.

"टीबीची शंका आहे. दोघांचीही थुंकी आजच तपासायला द्या."

मला तर खोकलाही नाही. ब्लाउज सैल झाले होते, मला वाटलं धावपळीनं.

सरांनी विचारलं, घरात आणखी कोण?

मुलगी. चार वर्षांची. माझ्या कुशीतच झोपते.