सात कॅसेटी, चाळीस सेकंद

३ जानेवारी २००३, सकाळी १०
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात. दुकानाची पाटी नवी करून घेतली : ‘इथे सीडी राइट करून मिळतील.’ खाली लाल अक्षरात ‘आयुष्यभराची गॅरंटी.’ शेजारच्या टेलर मास्तरांनी पाटी वाचून विचारलं, कुणाचं आयुष्य? आयुष्य काज-बटणात गेलेला माणूस. मनावर घेतलं नाही.

सॉफ्टवेअर ‘ज्वाला’, चौथी आवृत्ती. एक खिडकी, तीन बटणं. डावीकडून उचला, उजवीकडे टाका, जाळा, म्हणजे डिस्कवर राइट करा. बस्स. आपल्या धंद्याला आता मरण नाही.

११ जानेवारी
गर्दी. लग्नं, वाढदिवस, हेडमास्तरांचा निरोपसमारंभ. डिस्क राइट झाली की ‘ज्वाला’ विचारतं, तपासून पाहू का? त्यात आणखी दहा मिनिटं जातात. ती खूण कायमची काढून टाकली. विश्वास म्हणून काही असतो की नाही?

१३ जानेवारी
हेडमास्तर डिस्क घेऊन परत आले. म्हणे कोरी आहे. त्यांचा प्लेअर स्वस्तातला असणार.

२ फेब्रुवारी, दुपारी
ताई आली. भाऊजी जहाजावर आचारी होते. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून बंदराबंदरांतून कॅसेटी बोलून पाठवायचे. भाची आठ महिन्यांची असताना वारले. आता तिला नववं चालू आहे. ताईचं म्हणणं, ती अठराची झाली की तिला बापाचा आवाज ऐकवायचा. तोवर कॅसेटी टिकायला हव्यात. म्हटलं, ताई, योग्य माणसाकडे आलीस.

सात कॅसेटी दिल्या. एकूण आठ आहेत. आठवी का नाही विचारलं, तर म्हणाली, ती राहू दे. भावावर एवढाही विश्वास नाही. वाईट वाटलं. चहा तिच्यासाठीच मागवला होता, मग मीच प्यायलो.

६ फेब्रुवारी
टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडून सातही कॅसेटी आत घेतल्या. चार दिवस लागले. आवाज बंदच ठेवला होता. नवरा-बायकोचं खाजगी बोलणं आपण कशाला ऐका? त्या वेळात पत्त्यांचा गेम खेळलो. एकवीस डाव जिंकलो.

७ फेब्रुवारी, सकाळी ११
घरचं काम म्हणून खास मेहनत. फायली कुठल्या कुठे खोल फोल्डरमध्ये असतात. त्यापेक्षा त्यांची चित्रं डेस्कटॉपवर आणून ओळीत मांडली, नावं दिली. अशी चित्रं काढली की कोपऱ्यात एक छोटा बाण येतो. का येतो माहीत नाही, पण शोभतो. सातही चित्रं उचलली, ‘ज्वाला’त टाकली, जाळली. चाळीस सेकंद! परक्या गिऱ्हाइकाला वीस मिनिटं लागतात. आपुलकीने केलेलं काम मशीनलाही कळतं.

तीन प्रती केल्या. जोखीम नको.

ताईला इथेच लावून दाखवली. भाऊजी खणखणीत बोलले. ताई डोळे पुसत म्हणाली, आता कॅसेटी दे. म्हटलं, कशाला तो पसारा? डिस्क अमर आहे. तिन्ही डिस्क घेऊन ती निघाली. माझ्या म्हणण्याला तिने प्रथमच मान दिला.

९ फेब्रुवारी
मास्तरांच्या खिडकीत पारवे घाण करतात. कॅसेटींमधली टेप काढून खिडकीवर झालरीसारखी बांधून दिली. वाऱ्यावर चमकते, पारवे पळतात. टाकाऊतून टिकाऊ.

१४ ऑगस्ट २००६
‘ज्वाला’ सात आलं. आता त्यात फोटोंचा अल्बम, गाणी, गजर आणि हवामान. उघडेपर्यंत आंघोळ होते. जाळायचं बटण सापडायला अर्धा तास गेला. ‘इतर सोयी’मध्ये होतं. प्रगती म्हणतात ती हीच. मीही दुकानात लॅमिनेशन, मोबाइलची कव्हरं आणि शुभेच्छापत्रं ठेवायचं ठरवलं. मास्तर म्हणाले, कोटाला नुसते खिसेच लावत गेलं की कोट राहत नाही, पिशवी होते. जळतात.

३ मार्च २००९
जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. ही म्हणाली, आत काही महत्त्वाचं नाही ना? म्हटलं, महत्त्वाचं सगळं डिस्कवर आहे. ती म्हणाली, भरवशाच्या म्हशीला टोणगा. कशावरून म्हणाली, कळलं नाही. बायकांना म्हणी पाठ असतात, जागा कळत नाही.

२१ नोव्हेंबर २०११
आठवडाभरात एक गिऱ्हाईक. तेही पत्ता विचारायला. पोरं पेनड्राइव्ह घेऊन फिरतात. नखाएवढी वस्तू, हरवायलाच केलेली. लोक वर्षभरात शहाणे होतील. डिस्कचे दोनशे डबे आत्ताच घेऊन ठेवले. पुढे मिळायचे नाहीत.

५ मे २०१२
‘ज्वाला’च्या कंपनीचा ईमेल. ही शेवटची आवृत्ती. तिची मुख्य सोय म्हणजे तुमच्या डिस्कांवरचं सगळं काढून इंटरनेटवर ठेवून देणं. शीर्षक : ‘आता डिस्क विसरा.’ ज्या ताटात जेवले त्याच ताटात! खरमरीत उत्तर लिहिलं. ‘या पत्त्यावर कुणी नसतं’ असं उत्तर आलं.

१७ जून, दुपारी ४
भाचीला अठरा पूर्ण. तिच्या लॅपटॉपला डिस्कची फटच नाही, म्हणून दुकानातला कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. ताईने कपाटातून डिस्क काढली. नऊ वर्षं रेशमी रुमालात होती. भाची खुर्ची पुढे ओढून बसली. मी आधी चार शब्द बोललो : जतन, जबाबदारी, मामाचं कर्तव्य. मग डिस्क घातली.

‘फाइल सापडत नाही.’

दुसरी प्रत. तिसरी. तेच. म्हटलं, घरात दमट हवा आहे. ताई म्हणाली, हवेला नावं ठेवू नकोस.

भाचीने माउस माझ्या हातातून घेतला. सातही फायली मिळून एका चिठ्ठीएवढ्या भरल्या. ती शांतपणे म्हणाली, मामा, यात बाबांचा आवाज नाहीच. हे नुसते पत्ते आहेत. आवाज तुझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता. तू जेवणाचा डबा दिलास आणि आत चिठ्ठी घातलीस, की जेवण माझ्या घरी आहे. तो बाण त्याचाच असतो.

बाणाचं ‘ज्वाला’ने आधी सांगायला हवं होतं. हा उघड उघड सॉफ्टवेअरचा दोष.

ताईने तिन्ही डिस्क पुन्हा रुमालात गुंडाळल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ जून
भंगारवाल्याकडे गेलो. कॉम्प्युटरचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तीन वर्षांत त्याची बादली झाली असेल नाहीतर विमान.

मग मास्तरांकडे. झालर अजून आहे. उन्हाने पांढरी पडली आहे, हात लावला की तुकडे पडतात. त्यावर दोन पारवे बसले होते. मास्तरांना सगळं सांगितलं. काहीतरी टोचून बोलतील म्हणून तयारीत होतो. त्यांनी मशीन थांबवलं, स्टूल पुढे केलं आणि बस म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१९ जून
दुकान उघडलं नाही. पोट बरं नव्हतं.

२४ जून, सकाळी
ताईचा निरोप, ये. गेलो. टेबलावर जुना टेपरेकॉर्डर आणि आठवी कॅसेट. भाची गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली. ताईने बटण दाबलं.

आधी भांड्यांचा खणखणाट. मग भाऊजी. कांदे संपले, कप्तान चिडला आहे, समुद्र खवळला आहे. पोरीला दात आला का, कुठला आधी आला, मला नीट कळव. मग जरा थांबून : तुझा भाऊ मनाने चांगला आहे, तुम्हाला जीव लावतो, त्याला अंतर देऊ नकोस. पण माझा रेडिओ दुरुस्तीला त्याच्याकडे देऊ नकोस. आणि या कॅसेटी तर मुळीच नको.

ताई खिडकीबाहेर बघत होती. तिने आठवी का दिली नव्हती ते कळलं. उरलेल्या सात तरी का दिल्या, ते विचारायचं धाडस झालं नाही. ती आपणहून म्हणाली, तुझा उत्साह मोडवेना रे.

भाची आधी हसली. पोट धरून हसली. मग हसता हसता रडायला लागली. बाबा इतके गमतीशीर होते, हे मला कुणी सांगितलंच नाही, म्हणाली. कॅसेटींबद्दलचं तेवढंच वाक्य तिने तीनदा लावलं. मी तिन्ही वेळा छताकडे पाहिलं.

शेवटी धीर करून म्हटलं, टेप जुनी झाली आहे, कधीही तुटेल. एखादी प्रत करून ठेवायला हवी. माझ्याकडे डिस्कचे दोनशे डबे पडून आहेत.

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ताईने कॅसेट काढून कपाटात ठेवली, कुलूप लावलं. भाची म्हणाली, मामा, प्रत केव्हाच झाली. ऐकता ऐकताच फोनवर घेतली.

आणि लगेच ती पुन्हा लावली. म्हटलं, आता परत कशाला?

म्हणाली, तपासायला नको?

फोनमधून भाऊजी स्वच्छ आवाजात म्हणाले, मुळीच नको.