शिशाचा सांधा

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती पाठवतेय. न वाचता फाडलंस तर ती मला सांगणार आहे.

एक्स-रे खोलीची भिंत काल उघडली. प्लायवूड काढलं आणि माझं डोकंच फिरलं. शिशाचे दोन पत्रे तू टोकाला टोक भिडवून ठोकलेस! एकावर एक चढवले नाहीस, मागे पट्टीसुद्धा नाही. का, तर सांध्यावर पत्रा दुहेरी झाला की वरचं प्लायवूड जरा फुगतं, आणि डॉक्टरीणबाईंना भिंत गुळगुळीत हवी. अरे, ती काय दिवाणखान्याची भिंत आहे? तपासणीवाल्याने मशीन चालू करून पलीकडून मीटर फिरवला, तर नेमका त्या रेषेवर काटा उडाला, सांध्याच्या फटीतून किरणं पलीकडे जात होती. पलीकडे खुर्ची कोणाची, ठाऊक आहे ना? पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या त्या पोरीची, जी तुला न मागता चहा आणून द्यायची. खोली सुरू व्हायच्या आधी कळलं म्हणून बरं. नाहीतर ती तिथे वर्षानुवर्षं बसली असती आणि तिला काही जाणवलंही नसतं. आणि तू? आत कोण बघायला जातंय, असं वर तोंड करून मलाच विचारलंस!

बाबा डोळे मिटून भिंतीवर तळहात फिरवायचे, आठवतं? सांध्याचा उंचवटा हाताला लागला तरच प्लायवूड लावू द्यायचे. त्या उंचवट्याची तुला लाज वाटायला लागली? मी सगळ्यांदेखत ओरडले म्हणून हत्यारं टाकून निघून गेलास. ओरडले, आणि बरं केलं.

बाईंना मी चूक आमची आहे एवढंच सांगितलं. कोणाची, ते विचारू दिलं नाही. नुसत्या पट्टीवर मी भागवणार नाही, नवा रुंद पत्रा आणलाय. आज दोन धिप्पाड गडी बोलावले. एकाने आधी उचललं, दुसऱ्याने मग, आणि पत्रा मधोमध दुमडला. वाया गेला. आपण दोघं उचलतो तेव्हा एक-दोन-तीन म्हणावं लागत नाही रे. तू श्वास घेतलास की मला कळतं. दुसरा पत्रा आलाय, भिंतीला टेकवून ठेवलाय. सकाळी ये. आल्यावर पुन्हा ओरडणार आहे, ते ऐकून घे आणि दुसरं टोक धर.

तुझीच,
अजून न निवळलेली
ताई