शंभराव्या ओळीतलं शहर

सर, तुमची वही माझ्यासमोर उघडी आहे आणि तिच्यातली एक ओळ कोरी आहे. त्या ओळीपायी तीन दिवस मला जेवण जात नाही. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तुम्हाला लिहून काही होणार नाही हे मला कळतं. पण ज्याला विचारावं असं दुसरं माणूस सापडत नाही, आणि उद्या संध्याकाळी सहाला मुदत संपते.

क्रमाने सांगतो, तुम्हाला क्रम लागायचा. मी अजून जुईनगर स्टेशनसमोरच्या त्याच झेरॉक्सच्या दुकानात आहे. लोकांचे फॉर्म भरून देतो. माझ्या हातचा फॉर्म चुकीमुळे परत आला असं अजून झालेलं नाही. स्वतःचेही चार भरले आणि चारही वेळा यादीच्या बाहेर राहिलो. हा पाचवा. कारकुनाची जागा आहे, प्रकल्पग्रस्तांच्या राखीव कोट्यातली, एकच. आमच्या भातखाचरांवर हे शहर बसलं, त्याबदल्यात घराला एक दाखला मिळाला. घरात मुलं कितीही असोत, दाखल्यावर नोकरी एकालाच. सहा वर्षं तो माझ्या नावावर आहे. गणपतीत सगळं घर जमलेलं असताना काका म्हणाले, "या खेपेला नाय झाला तर माझ्या पोराच्या नावावर करायचा. दाखला हाय तो, लोनचा नाय मुरवत ठेवायला." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या ताटातला मोदक मी तसाच आईच्या ताटात सरकवला, आणि तिने तो परत माझ्या ताटात ठेवला.

परीक्षा झाली, उत्तरतालिका आली. प्रश्न सदुसष्टावा: 'मिठागरांचे शहर' या टोपणनावाने कोणते शहर ओळखले जाते? पर्याय वसई, भाईंदर, पेण, उरण. मी उरण केलं. तालिकेत उरणच बरोबर आहे. आमच्या कोट्यातल्या सगळ्यांनी ग्रुपवर आपापले गुण टाकले तेव्हा मी पहिला निघालो. सर, मी पहिला. दुसरी आहे ती उलव्याची मुलगी, जी तुमच्या शेवटच्या वर्षी अभ्यासिकेत खिडकीजवळ बसायची आणि जिला तुम्ही 'वकीलबाई' म्हणायचात, कारण ती प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न काढायची. तिच्यात आणि माझ्यात एकाच प्रश्नाचं अंतर आहे, आणि तो प्रश्न हाच. तिने भाईंदर केलंय. तालिकेवर उद्या सहापर्यंत हरकत घेता येते. हरकत मान्य होऊन प्रश्न रद्द झाला तर आमची बरोबरी होते आणि बरोबरीत पदवीवाला आधी. ती पदवीधर आहे. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी झालेला.

परवा ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "दादा, सदुसष्टला उरण मारलंस ना?"

"हो."

"मी भाईंदर. मामा होता माझा तिकडे मिठागरावर. आता तूच सांग, उरणला मिठागरांचं शहर कोण बोलतं? मी बाजूला राहते, आयुष्यात ऐकलं नाय."

"गाईडमध्ये आहे," मी म्हणालो.

"गाईडवाले एकमेकांची कॉपी मारतात. आणि पहिली कॉपी तुझ्या मशिनवर निघते." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सरांची वही तुझ्याकडे आहे ना? त्या पानाचा फोटो टाक मला. वहीत उरण असेल तर विषय संपला, मी हरकत घेत नाय. सर तीन रकाने भरल्याशिवाय काही लिहायचे नाहीत."

"शोधावी लागेल."

"शोध. टेन्शन नको घेऊ. मला पण ही जागा पाहिजे, खोटं कशाला बोलू. पण सरांच्या वहीशी मी भांडणार नाय."

वही मी बसतो त्या खुर्चीखालच्या खणात होती. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरच्या बाईंनी ती मला दिली तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुज्याशिवाय कुनाला वाचता येनार नाई, त्यांचं अक्षर तुज्यासारखंच हाय." खरं तर उलटं होतं. माझं अक्षर तुमच्यासारखं होतं. मी ते घोटून घोटून केलं होतं.

तीन रकाने मला अजून पाठ आहेत. कोण म्हणतं, का म्हणतं, कधीपासून. महापेच्या कंपनीतून सुटून तुम्ही विहाराच्या मागच्या हॉलमधल्या अभ्यासिकेत आम्हाला शिकवायला यायचात, अंगावर निळा युनिफॉर्म, हाताला साबणानेही न जाणारा औषधाचा वास, आणि डबा अजून धुवायचा असायचा. बाकीच्या क्लासमध्ये टोपणनावं म्हणजे घोकायची जंत्री. तुमच्याकडे एकेका शहराला एकेक संध्याकाळ जायची. जयपूर गुलाबी का? तुम्ही सांगता, पाहुणा येणार म्हणून भिंती रंगवल्या, पाहुणा आला आणि गेला, रंग राहिला. सांगलीला हळदीचं शहर म्हणतात. कोण म्हणतं, पिकवणारा की विकणारा?  मग तुम्ही तुमच्या मुलखातलं सांगता, बावन्न दरवाजांचं शहर. "दोन वर्षं काम हुडकत होतो तिथं. बावन्नातल्या एकाही दरवाजानं आत घेतलं नाही, म्हणून ही कंपनी." आम्ही हसतो. तुम्हीही हसता आणि खडू खाली ठेवता.

नव्याण्णव शहरं तुम्ही तशी भरलीत. शंभराव्या ओळीत फक्त 'नवी मुंबई' लिहून पुढे कोरं ठेवलंत. दर महिन्याला विचारायचात, "आपल्या गावाला कुणी काही म्हणालं का रे?" आमची उत्तरं ठरलेली. सर, डासांचं शहर. सर, प्लॉटचं शहर. सर, पावण्याच्या कारखान्यांवरून पुढे गेलं की वासाचं शहर. एकदा मी आईचं सांगितलं. आमचा सेक्टर तिला कधी आकड्याने ओळखता आला नाही. बँकेपाशी जायचं तर ती म्हणते मोठ्या बांधावर जाते, दवाखान्यापाशी जायचं तर खाजणात; शेतं आणि खारजमीन होती तेव्हाची नावं. वर्गात हशा झाला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हिला विचारून लिहायला पाहिजे ही ओळ." आणि तरीही लिहिली नाहीत. आता इथे चौकाचौकात गुलाबी फ्लेमिंगोंचे पुतळे उभे केलेत आणि भिंतींवर रंगवून ठेवलंय हे कशाचं शहर आहे ते. तुम्ही असता तर पहिल्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं असतंत, हे म्हणतंय कोण?

आता ते सांगतो जे तुम्हाला अर्धंच माहीत होतं. मी विशीत होतो. तुम्ही वही टाइप करायला दिली, पोरांना झेरॉक्स देता याव्यात म्हणून. नव्याण्णव ओळी मी एकही वेलांटी न चुकता टाइप केल्या. शंभरावी आली आणि माझा हात अडला. शंभर आकडा आणि समोर कोरं. लोक म्हणणार झेरॉक्स नीट आली नाही, शाई कमी पडली. मला ते सहन होईना. आमच्या घरी मिठाच्या डब्यावर झाकण तिरकं बसलं तरी मी उठून सरळ करतो, तसा मी आहे. आणि दुसरंही एक कारण होतं. माझी आई उरणकडच्या मिठागरावर जन्मली. तिचे वडील मिठाच्या पाट्या वाहायचे. पायाच्या चिरांमध्ये मीठ जाऊन त्यांना शेवटी चालता येईना, एवढंच त्यांच्याबद्दल आमच्याकडे सांगायला आहे. कुठल्याही पुस्तकात त्या जागेबद्दल एक ओळ मी पाहिली नव्हती. मी नवी मुंबई काढली आणि तिथे टाइप केलं: उरण – मिठागरांचे शहर. तीन रकाने छापायचे नव्हतेच, फक्त नाव आणि शहर. कुणाला कळणार नव्हतं.

पहिली प्रत मी घरी नेली. आईला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या उरनाला पन नाव हाय?" मी म्हणालो, आहे. तिने तो कागद मागून घेतला. देव्हाऱ्याच्या मागे तो अजून आहे, तेलाने पारदर्शक झालेला.

तुमच्या हातात कागद पडला तेव्हा तुम्ही उभ्या उभ्या शंभरच्या शंभर ओळी वाचल्यात. शेवटी थांबलात. "हे कुठून आणलास?" मी सांगितलं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. "कोण म्हणायलंय उरणला असं?" मी म्हणालो, "म्हणायला हवं, सर. खोटं तर नाही ना." तुम्ही कागद खाली ठेवलात. म्हणालात, "खोटं नाही. पण अजून कुणी म्हणालेलं नाही. तू एकटा म्हणतोस आणि सगळे म्हणतात असं लिहितोस, एवढंच वाईट आहे त्यात. कोरं ठेवायला काय लाज आहे?" मग ती ओळ सगळ्या प्रतींतून खोडायला सांगितलीत. मी तुमच्यासमोर बसून गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रतीवर पट्टी धरून रेघ मारली. कॉम्प्युटरमधूनही काढ म्हणालात. दुसऱ्या दिवशी विचारलंत आणि मी म्हणालो, काढली सर.

काढली नव्हती. त्या वर्षी बारावी झालो म्हणून तुम्ही मला शाईपेन दिलंत. ते घेतानाही काढलेली नव्हती. हिवाळ्यात तुम्ही गेलात. त्यानंतर जो मागेल त्याला मी ती यादी छापून दिली, शंभर पूर्ण. पोरांनी फोटो काढले, फोटोंच्या फाइली झाल्या, फाइली कुणाकुणाच्या फोनमधून कुठे कुठे गेल्या. पाच-सहा वर्षांनी एका गाईडमध्ये ती ओळ छापील पाहिली तेव्हा मी दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. आता चार गाईड वकीलबाईच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतील आणि ते चारही माझ्या खुर्चीतून निघालेत. पेपर काढणाऱ्यानेही त्यातलंच एखादं उघडलं असणार. परीक्षेत तो प्रश्न दिसला तेव्हा क्षणभर वाटलं, बघा सर, आता सगळे म्हणतात. मी गोल काळा केला आणि पुढे गेलो. इतक्या सहज पुढे गेलो, हे मला आता आठवतं आणि बसवत नाही.

परवापासून वही उघडतो आणि मिटतो. तुमची शंभरावी ओळ अशी आहे की 'नवी मुंबई'च्या खाली एक ओळ सहज मावते. पेन तुमचं आहे. अक्षर माझं, म्हणजे तुमचंच. शाई जुनी दिसावी म्हणून काय करायचं हेही मला माहीत आहे, या दुकानात माणूस असलं सगळं शिकतो. काल दुपारी शटर अर्धं खाली घेऊन मी रद्दी कागदावर ती ओळ सतरा वेळा लिहिली. सतराव्या वेळी ती तुमच्या हातची झाली. आईचा तेवढ्यात फोन आला, जेवायला येतोस का म्हणून. म्हणाली, "तुजा रिजल लागला का रं?" मी म्हणालो, अजून एक कागद बाकी आहे. ती म्हणाली, "मंग दे की तो कागद. कशाला अरवून ठेवलास?"

मग मी वहीवर लिहिलं, सर. पेनने नाही, पेन्सिलने. फक्त 'उर' एवढंच. ण काढायला गेलो आणि थांबलो. कारण तिसरा रकाना दिसला: कधीपासून. तिथे काय लिहिणार होतो? मी टाइप केलं त्या दिवसापासून? दुसऱ्या रकान्यासाठी माझ्याकडे आजोबांचे पाय होते. पहिल्यासाठी आणि तिसऱ्यासाठी काही नव्हतं. मी खोडरबराने खोडलं. अलगद खोडलं, पण कागद तिरका धरला की दोन अक्षरांचा दाब दिसतो. तुमची वही मी खराब केली आहे.

आज दुपारी मी त्या पानाचा फोटो काढला. तीन वेळा काढला, कारण दोन वेळा माझीच सावली पडली. दाब फोटोत दिसत नाही. खाली लिहिलं, वहीत उरण नाही. ती ओळ मी घातली होती, सरांनी नाही. सरांनी ती काढायला सांगितली होती. एवढ्या तीन वाक्यांना मला सव्वा तास लागला. पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं, "ओके दादा." मग बऱ्याच वेळाने दुसरं, "नवी मुंबई कोरं का ठेवलंय?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. घरी गेल्यावर देव्हाऱ्यामागच्या कागदाचं काय करायचं, तेही ठरलेलं नाही.

हे पत्र तुमच्या वहीत ठेवावं असं ठरवून लिहायला बसलो होतो. ठेवणार नाही. त्या वहीत तुम्ही खातरी झाल्याशिवाय काही ठेवलं नाहीत, आणि माझी अजून होत नाही. कारण तिने आता हरकत घेतलीही असेल, आणि मी फोन उलटा ठेवून, तुमच्या पेनने हे लिहीत असताना, तिची हरकत फेटाळली जावी असं मनात म्हणतो आहे. मघापासून तेच म्हणतो आहे.